पट्टे की ठिपके

आमच्या घरात एक भांडण भूकंपाच्या आधीपासून चालू होतं. भूकंप म्हणजे कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा. पाटण खोऱ्यातली जुनी माणसं अजून त्यावरूनच वर्षं मोजतात. तर त्याच्या आधी कधीतरी, आबा म्हशी घेऊन सड्यावर गेले असताना त्यांना वाघ आडवा गेला. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पुढं फाटे.

"पट्टं व्हतं पट्टं, चांगलं हातभर रुंद!" आज्जी म्हणायची. (हातभर पट्ट्यांचा वाघ केवढा असेल, हे विचारायची आमची टाप नव्हती.) तात्या आजोबा तंबाखू मळत म्हणायचे, "वैनी, तुमी कुटं बघाया गेलावता? ठिपकं व्हतं." आणि ज्यांनी खरंच पाहिलं ते आबा हुलग्याचं माडगं फुरके मारत पिणार. फार छेडलं तर म्हणायचे, "वाघ व्हता, झालं की."

आमच्याकडं वाघ म्हणजे दोन्ही. तालुक्यात सडावाघापूर आहे, पण तिथला वाघ कुठला हे कोण सांगणार! फोड करायचीच झाली तर पट्ट्यांचा तो ढाण्या आणि ठिपक्यांचा बिबट्या. अंगावर बिबव्याचे डाग पडल्यासारखे दिसतात म्हणून बिबट्या, ही आज्जीची व्युत्पत्ती. खरीखोटी तिलाच ठाऊक. खुराड्यातली कोंबडी पळवणारा बाऊल. दिवेलागणीनंतर मात्र ही सगळी नावं बंद. तेव्हा फक्त 'जनावर'.

शाळेत गेल्यावर वाटलं, पुस्तकातली माणसं तरी नीट वर्गवारी करत असतील. पण स्वीडनच्या लिनिअसनं १७५८ साली वाघ, बिबट्या, सिंह आणि चुलीपाशी झोपणारं मांजर, सगळ्यांना एकाच 'फेलिस' प्रजातीत बसवलं होतं. फेलिस म्हणजे मांजर! मांजर वाघाची मावशी, हे आज्जीनं लॅटिनशिवाय सांगितलं होतं. पुढं वाघ-बिबट्या-सिंह 'पँथेरा' म्हणून वेगळे काढले. म्हणजे पट्टे आणि ठिपके शेवटी एकाच घरात राहिले. आबांचं फार चुकलं नव्हतं म्हणायचं.

खरी फजिती झाली ती वाघाटीनं. ऊसतोडीत फडात दोन पिल्लं सापडली, ठिपक्यांची, मुठीएवढी. "वाघरू हाय!" अशी ओरड होऊन तोडणी थांबली, कोयते टाकून माणसं बांधावर. वनखात्याच्या माणसानं बघून सांगितलं, ही बिबट्याची नव्हेत, वाघाटीची. तांबूस ठिपक्यांचं हे मांजर पूर्ण वाढलं तरी दीड किलोच्या आसपास, जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक. पिल्लं होती तिथंच ठेवली. सकाळी नव्हती. आईनं नेली असणार.

हे ऐकून आज्जी हसत सुटली. तिच्या लेखी वाघाटी म्हणजे आषाढी द्वादशीला उपास सोडायची भाजी. वाघनखासारख्या वाकड्या काट्यांचा वेल, हिरवी फळं. ती फोडून बिया काढायच्या, उकडून पाणी पिळून टाकायचं, तरी जराशी कडू लागतेच. "त्या मांजराला बी द्वादशीला बोलवा जेवाया," म्हणाली. कुठल्या साली हे झालं, मला सांगता येणार नाही. तात्या तेव्हा होते एवढं नक्की, कारण त्यांनी लगेच संधी साधली, "बघा, ठिपकंच निगालं का न्हाय!"

आता तिघंही नाहीत. त्यांच्या रानाचा बराच भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. २०१८ साली तिथल्या कॅमेऱ्यात एक वाघ टिपला गेला. फोटो मी मोठा करून पाहिला. पट्टे होते. हातभर नव्हते.