प्रसह, विष्किर आणि मोहर्लीचे अस्वल

चैत्राच्या पहाटे मोहर्लीच्या रानात मोहाची फुले गळत असतात. ताडोबाच्या वेशीवरच्या या रानात ती खायला चितळ येते, अस्वल येते आणि वेचायला माणूस येतो. शाळेत आपण शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी हे तीन खण पाठ केलेले असतात. प्राणिशास्त्र मात्र या अस्वलाला वाघाच्या पंगतीला, ‘मांसाहारी गणा’त बसवते. वास्तविक त्याचे पोट भरते ते वाळवी, मुंग्या, मध, बोरे, जांभळे आणि मोह यांवर. गणाचे नाव आहारावरून आणि आधार वंशाचा, अशी ही गफलत आहे.

या प्राण्याने युरोपीय पंडितांनाही चकवले. वरच्या जबड्यात पटाशीचे मधले दोन दात नाहीत आणि नख्या लांबलचक आहेत, हे पाहून १७९१ साली जॉर्ज शॉ याने त्याची गणना दक्षिण अमेरिकेतील स्लॉथमध्ये केली. दातांची ती फट खरे तर वारुळातली वाळवी श्वासासरशी ओढून घेण्यासाठी असते. शॉने दात वाचले. जेवण पाहिले नाही! चूक पुढे दुरुस्त झाली, पण इंग्रजी नावात ‘स्लॉथ’ राहिलाच.

चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायातील वर्गवारी याहून निराळी आहे. तिथल्या आठ वर्गांपैकी काही निवासावरून पाडलेले आहेत. परंतु तीन खाण्याच्या रीतीवरून. ओढून, बळाने खातात ते ‘प्रसह’. उकरून, विखरून खातात ते ‘विष्किर’. चोचीने टोचून खातात ते ‘प्रतुद’. म्हणजे लाव्हा आणि मोर विष्किर, पोपट आणि कबुतर प्रतुद. प्रसहांत सिंह, वाघ, अस्वल आहेत, आणि त्यांच्याच रांगेत गाय आणि घोडाही! आपल्याला हसू येते. पण ज्याने गाय गवताला जीभ लपेटून हिसडा देताना पाहिली आहे, त्याला ही नावे क्रियापदांतून आलेली आहेत हे पटेल. काय खाते हा प्रश्न इथे गौण आहे.

अर्थात हे निरीक्षण निर्हेतुक नाही. कोणाचे मांस पचायला कसे, हे सांगण्यासाठी ही यादी केलेली आहे. पानावर बसलेला माणूस म्हणूनच तिच्यात कुठे नाही. मोहर्लीच्या परिसरात मात्र मोहाच्या हंगामात फुले वेचणाऱ्यांवर अस्वलाचे आणि वाघाचे हल्ले होतात. वेचणारा तेव्हा जमिनीलगत वाकलेला असतो, आणि फुले सकाळीच वेचावी लागतात.