आयोगावर माणसं नेमतं कोण?

परवा चहाच्या टपरीवर ओळखीचे एक शेतकरी काका भेटले. त्यांच्या पोराला कसल्याशा चौकशीसाठी रात्रभर पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं आणि मारहाण केली, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काका, राज्य मानवी हक्क आयोगाकडे लेखी तक्रार करा. वकील लागत नाही, फी लागत नाही. फक्त घटनेपासून वर्षाच्या आत करा.

काकांनी कप खाली ठेवला. "पण तिथं बसणारी माणसं नेमतं कोण? सरकारच ना? आणि पोलीस कुणाचे?"

इतकी वर्षं बातमीदारी करतोय, पण याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट. जरा लांब आहे, सांभाळून घ्या.

मानवी हक्क संरक्षण कायदा 1993 चा. सप्टेंबरात आधी अध्यादेश निघाला, मग संसदेनं कायदा केला. दिल्लीत राष्ट्रीय आयोग लगेच ऑक्टोबरात बसला. आपल्या महाराष्ट्राचा आयोग 2001 मध्ये सुरू झाला.

काकांची शंका कायदा करणाऱ्यांनाही आली असणार. कारण या आयोगापुढे तक्रारी येणार त्या सरकारी यंत्रणेच्याच विरोधात. मग सरकारनंच आपल्या मर्जीतली माणसं बसवली तर? म्हणून कलम 22 मध्ये निवड समिती घातली. नेमणूक राज्यपालांच्या सहीनं होते, पण नावं ही समिती सुचवते. समितीत मुख्यमंत्री, गृहमंत्री, विधानसभा अध्यक्ष आणि विधानसभेतले विरोधी पक्षनेते. आपल्याकडे विधान परिषदही आहे, म्हणून सभापती आणि तिथले विरोधी पक्षनेते हे आणखी दोघं. बहुमत सत्ताधाऱ्यांचंच, हे उघड आहे. पण बंद खोलीत निदान एक-दोन माणसं अशी हवीत, जी विचारतील, "हेच नाव का?"

दुसरं कुलूप काढण्याचं. नेमतात राज्यपाल, पण गैरवर्तनासाठी काढायचं तर अधिकार फक्त राष्ट्रपतींना, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या चौकशीनंतर. तिसरं कुलूप, पद सोडल्यावर राज्य किंवा केंद्र सरकारची दुसरी नोकरी नाही. म्हणजे पुढच्या खुर्चीच्या आशेनं कुणी गप्प बसू नये.

कागदावर हे सगळं उत्तम. पुढे काय झालं ते बघा.

सुरुवातीला राज्य आयोग पाच जणांचा होता. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीशच हवेत. शिवाय दोन सदस्य न्यायाधीशांमधले आणि दोन मानवी हक्कांचं काम जाणणारे. 2006 च्या दुरुस्तीनं पाचाचे तीन झाले. कामाची जाण असणाऱ्यांच्या दोन जागांची एक उरली. 2019 मध्ये आणखी बदल. आता उच्च न्यायालयाचे कुठलेही निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष होऊ शकतात. मुदत पाचावरून तीन वर्षं, आणि अध्यक्षांचीही फेरनेमणूक शक्य. मुख्य न्यायाधीश मिळेपर्यंत जागा अडून राहते, हे कारण समजू शकतं. पण फेरनेमणूक ज्यांच्या हातात, त्यांच्याच खात्याविरुद्ध निकाल द्यायचा, ही अडचण कशी नाकारणार? त्याच दुरुस्तीत राष्ट्रीय आयोगावर निदान एक महिला सदस्य सक्तीची झाली. राज्यांना मात्र तशी सक्ती नाही.

रिकाम्या जागांची तर वेगळीच कथा. 2015 मध्ये दिलीप बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की रिकामी झालेली जागा तीन महिन्यांत भरा. तोवर दिल्ली, हिमाचलसह काही ठिकाणी आयोगच नव्हता!

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत ठाकरेंची शिवसेना 20, काँग्रेस 16, शरद पवारांची राष्ट्रवादी 10. एकदशांश म्हणजे 29 जागा एकालाही नाहीत, आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. कायदा म्हणतो, समितीत जागा रिकामी आहे एवढ्यावरून नेमणूक बेकायदा ठरत नाही. काम अडू नये म्हणून ठेवलेली ही सोय. पण "हेच नाव का?" विचारणाराच खोलीत नसेल, तर समिती उरली कशाला? त्यात मुख्यमंत्र्यांकडेच गृहखातं असलं की आणखी एक डोकं कमी.

आयोग शेवटी सरकारला शिफारस करतो. त्या शिफारशीला वजन येतं ते बसलेल्या माणसामुळे. म्हणून नेमणुकीची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली तरी वाचा. विचारा, समितीत कोण कोण होतं? विरोधी मत नोंदवलं का? जागा किती महिने रिकामी होती?

काकांना मी सांगितलं, नेमतं सरकारच, पण एकट्यानं नेमू नये असं कायद्याला वाटत होतं. ते "बरं" म्हणाले. अर्ज आम्ही तिथंच बसून लिहिला, दुसऱ्या दिवशी पोस्टानं गेला.

वर्षाच्या आतली मुदत तेवढी लक्षात ठेवा. गरज कुणालाही पडू शकते.