बारामतीची अक्षरे किती? : रुबी भाषेतील वेब ॲप्लिकेशन आणि मराठी नोंदी

प्रस्तुत लेखात रुबी या डायनॅमिक, ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषेतील वेब ॲप्लिकेशनच्या इतिहासाकडे बारामती व इंदापूर तालुक्यांतील मराठी नोंदींच्या बाजूने पाहिले आहे. या भागात हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. आय.आय.टी. मुंबईने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'ॲक्वा' या प्रश्नोत्तर सेवेत शेतकऱ्यांच्या प्रश्नांना बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ उत्तरे देत असत. असा मराठी प्रश्न साठवून पुन्हा शोधावयाचा, तर संगणकास मराठी अक्षर कळावयास हवे. (ही सेवा रुबीत लिहिली होती असे येथे सुचवावयाचे नाही.)

युकिहिरो मात्सुमोतो यांची रुबी १९९५ मध्ये व तिच्यावर आधारलेले डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांचे 'रेल्स' २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजक्या ओळींत नोंदणीचे पान उभे राहू लागले. तथापि रुबी १.८ मध्ये स्ट्रिंग म्हणजे केवळ बाइटची माळ होती. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'बारामती' या शब्दात काना-वेलांटीसह ७ चिन्हे असल्याने त्याची लांबी २१ भरे, 'इंदापूर'चीही २१. वाचणाऱ्यास मात्र दोन्ही नावे चार अक्षरी! १० बाइटची मर्यादा घातली की नाव चिन्हाच्या पोटातच तुटे.

येथे भाषेची डायनॅमिक प्रकृती उपयोगी पडली. रुबीत मूळ स्ट्रिंग क्लासही खुला असतो. त्यात बाहेरून नवी मेथड घालता येते. जानेवारी २००७ च्या रेल्स १.२ ने याच वाटेने चिन्हे मोजण्याची सोय केली. मूळ भाषेत ती डिसेंबर २००७ च्या १.९ आवृत्तीत आली. अक्षरसमूह मोजण्याची मेथड २०१७ च्या २.५ आवृत्तीत मिळाली आणि 'बारामती' अखेर ४ अक्षरांची झाली. 'शिर्सुफळ' हे बारामती तालुक्यातील गाव मात्र ५ अक्षरांचेच राहिले, कारण तत्कालीन नियम जोडाक्षर हलन्तापाशी तोडीत असे. युनिकोडने हा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत सुधारला.

मोजणीपेक्षा शोधाचा प्रश्न अधिक बिकट आहे. बारामतीची नदी कऱ्हा. तिच्या नावातील अर्धा ऱ तीन प्रकारे साठविला जातो : स्वतंत्र ऱ व हलन्त, र, नुक्ता व हलन्त, अथवा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, परंतु तुलनेत भिन्न ठरतात. नोंद असूनही शोध रिकामा येतो. रुबी २.२ (२०१४) मधील प्रमाणीकरणाची मेथड पहिले दोन प्रकार एक करते, तिसऱ्यास हात लावीत नाही. तो ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यानेच बदलावा लागतो. त्यासाठी स्ट्रिंग क्लास उघडण्यापेक्षा स्वतंत्र मेथड बरी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अन्यथा परक्या ग्रंथालयांच्या वर्तनातही बदल होण्याचा संभव असतो. ही मेथड नोंद साठविण्यापूर्वी आणि शोधशब्दावर, अशी दोन्हीकडे चालवावी लागते. जुन्या नोंदी एकदा तिच्यातून काढल्याखेरीज कऱ्हाकाठचे काही शेतकरी यादीत असूनही सापडत नाहीत.