गोड्या पाण्यातील गोगलगायी आणि शिस्टोसोमियासिस

लघवीतून रक्त गेले की बहुतेकांना आधी मुतखडा आठवतो. डॉक्टरही मुतखडा, जंतुसंसर्ग किंवा गाठ यांचा विचार करतात. पण तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी आफ्रिकेत राहून आले असेल आणि तिथे तळ्यात, नदीत किंवा कालव्यात उतरले असेल, तर आणखी एक कारण असू शकते. ते म्हणजे शिस्टोसोमियासिस, अर्थात बिलहार्झिया.

हा आजार कसा होतो?

शिस्टोसोमा हे माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारे कृमी आहेत. त्यांची अंडी रुग्णाच्या लघवीतून किंवा शौचातून पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी थेट माणसाला बाधा करू शकत नाही. तिला आधी ठराविक जातीच्या गोगलगायीत शिरावे लागते. तिथे काही आठवड्यांत एका अळीपासून हजारो अळ्या तयार होऊन पाण्यात सुटतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि धडधाकट त्वचेतूनही आत शिरतात. त्यामुळे पाणी प्यायले नाही, नुसते गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तरी लागण होऊ शकते.

हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही. रुग्णाला घरात वेगळे ठेवण्याची गरज नाही.

लक्षणे कोणती?

सुरुवातीला त्वचेला खाज सुटते. काही आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पित्त उठणे असा त्रास होऊ शकतो. पुढे कृमीच्या प्रकारानुसार लघवीतून रक्त जाते किंवा पोटदुखी आणि रक्तमिश्रित जुलाब होतात. काहींना बरेच दिवस काहीच जाणवत नाही. उपचार न झाल्यास यकृत किंवा मूत्राशयाला इजा होते. मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

तपासणी आणि उपचार

लघवीत किंवा शौचात अंडी शोधतात. लघवीचा नमुना सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतला असावा, कारण तेव्हा जास्त अंडी बाहेर पडतात. गरज पडल्यास रक्ततपासणी करतात. प्राझिक्वांटेल हे औषध वजनानुसार दिले जाते. कोवळ्या कृमींवर ते नीट चालत नाही, म्हणून ते कधी घ्यायचे हे डॉक्टरांना ठरवू द्या.

गोगलगायी आवरल्या तर?

जपानमध्ये या आजाराचा आशियाई प्रकार होता. तिथे रुग्णांवर उपचार झालेच, शिवाय गोगलगायी मारण्याची औषधे वापरली आणि शेताचे पाट सिमेंटने बांधून काढले. १९७७ नंतर तिथे नवी लागण नोंदली गेली नाही. मात्र नुसत्या गोगलगायी मारून भागत नाही. शौचालये आणि स्वच्छ पाणी नसेल तर अंडी पुन्हा पाण्यात जातातच.

आपल्याकडे काय?

भारतात हा आजार फार क्वचित दिसतो. तरी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात त्याचे रुग्ण आढळल्याची नोंद १९५२ मध्ये झाली होती. शेतातली किंवा विहिरीतली गोगलगाय दिसली म्हणून घाबरू नका.

डॉक्टरांना काय सांगाल?

कोणत्या देशात होतात, कधी आणि कोणत्या पाण्यात उतरलात, हे आपणहून सांगा. चार-पाच वर्षे उलटली असली तरी सांगा, कारण हे कृमी वर्षानुवर्षे शरीरात राहतात. आम्ही विचारायला विसरू शकतो. लघवीतून रक्त एकदाच गेले आणि दुखले नाही, तरी तपासणी टाळू नका.