काटा खाली आला

आदली संध्याकाळ, ६:००

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रोहिणी लागली की छत्तीसगडात नऊ दिवसांचा नौतपा सुरू होतो, आणि भिलाईत त्या दिवसांत संध्याकाळी सहालाही गाडीच्या पत्र्यावर हात ठेववत नाही. तिथल्या पॉवर हाऊस भागातल्या एका गॅरेजात आमच्या शेजारच्या काकांची १९९६ची अँबेसेडर बॉनेट उघडून उभी होती. इसुझूचं १८०० सीसीचं पेट्रोल इंजिन, खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. सकाळी लग्नाला नागपूर गाठायचं होतं, म्हणून काकांनी गाडीचं ‘पाण्याचं काम’ उरकून घ्यायचं ठरवलं. विचार चांगला होता. पण जुन्या इंजिनाच्या पोटातली घाण प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी हलवू नये. हलवलीच तर ती सगळी बाहेर निघेपर्यंत थांबावं.

मिस्त्रीनं टोपण उघडलं, बोट बुडवलं आणि विटकरी लाल बोट काकांना दाखवलं. “साहब, अंदर तो पूरा कचरा भरा है.” कचरा म्हणजे गंज. वर्षानुवर्षं साधं पाणी ओतलं की ब्लॉकमधल्या बिडाला गंज चढतो आणि त्यावर क्षारांचा थर बसतो. त्यात इथलं बोअरिंगचं पाणी. ज्या पट्ट्यातल्या नंदिनीच्या खाणींमधून भिलाईच्या पोलाद कारखान्याला चुनखडी जाते, तिथल्या जमिनीतून पाणी जड येणार नाही तर काय!

आता नेमकं काय झालं ते सांगतो, कारण खरी दुर्घटना इथंच घडली. मिस्त्रीनं साफ करणारं औषध टाकलं, इंजिन वीस मिनिटं चालवलं आणि रेडिएटरच्या खालची तोटी सोडली. लालभडक पाणी वाहिलं. काका खूश! पण त्या तोटीतून रेडिएटर रिकामा होतो, ब्लॉक होत नाही. ब्लॉकच्या कुशीत एक वेगळा बोल्ट असतो, तो उघडला तरच सिलिंडरभोवतीच्या पोकळीतला गाळ निघतो. तो बोल्ट गंजून बसला होता. पाना लावला, फिरला नाही, “तुटेल” म्हणून सोडून दिला. उलट्या दिशेनं पाणी मारणं, पाणी नितळ येईपर्यंत दोनतीनदा भरणं-सोडणं, थर्मोस्टॅट काढून तपासणं, यातलं काहीच झालं नाही. औषधानं सुटलेले गंजाचे पापुद्रे ब्लॉकमध्येच राहिले. वरचा होज पाइप नवा आला, खालचा दिसत नाही म्हणून जुनाच राहिला. शेवटी अर्धा लिटर कूलंट आणि बाकी बोअरिंगचं पाणी. कूलंट थंडीच्या मुलखातलं औषध आहे, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. गंज रोखणं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणं ही त्याची कामं नौतप्यातच जास्त लागतात.

रात्री ९:३०

गाडी थंड झाली. आत अडकलेली हवा वर आली आणि रेडिएटरमधली पातळी उतरली. टोपण उघडून पाहिलं असतं तर लोटाभर पाणी मावलं असतं.

सकाळी ५:००

या वेळी निघायचं ठरलं होतं.

सकाळी ८:१०

या वेळी निघाले. नागपूरकडे जाणाऱ्या जी.ई. रोडला ऊन चढलेलं. रेडिएटर कोणी पाहिला नाही, “कालच तर केलंय” म्हणून. नंतर बसवलेला एसी सुरू केला. त्याची जाळी रेडिएटरच्या पुढ्यात बसते, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा.

सकाळी ९:००

दुर्ग मागे पडलं, शिवनाथ नदीचा पूल ओलांडला. तापमानाचा काटा मधोमध. पेट्रोल जळून निघणाऱ्या उष्णतेतला साधारण तिसरा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो. अँबेसेडरचा तांब्या-पितळेचा रेडिएटर हे काम चपट्या नळ्यांमधून करतो, आणि त्या नळ्यांत वाट असते जेमतेम दोन मिलिमीटरची. ब्लॉकमधले पापुद्रे आता वेगानं फिरणाऱ्या पाण्याबरोबर सुटले आणि एकेका नळीच्या तोंडाशी येऊन बसू लागले.

सकाळी १०:००

राजनांदगावच्या पुढे काटा केसभर वर. काकूंनी पाहिला. “अहो, हे काय दाखवतंय?” काका म्हणाले, उन्हामुळे.

काका साधे गृहस्थ नव्हेत. भिलाई पोलाद कारखान्यात त्यांची सगळी नोकरी पाण्याच्या विभागात झाली. मरोद्याच्या तलावातून येणारं पाणी धमनभट्टीच्या अंगात खेळतं म्हणून भट्टी उभी राहते. तिच्यात हवा फुंकणाऱ्या तांब्याच्या नळ्यांना, म्हणजे ट्वियरना, पाणी मिळालं नाही, तर त्या काही मिनिटांत वितळतात. पाण्याचा दाब गेला की काय होतं, हे त्या गावाला कोणी शिकवावं लागत नाही. १२ जून २०१४ रोजी कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये बिघाड झाला, दाब उतरला आणि ज्या वाटेनं पाणी जायचं त्या वाटेनं कार्बन मोनॉक्साइड उलटा आला. सहा माणसं गेली, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. काका तो दिवस विसरलेले नाहीत. तरी स्वतःच्या गाडीच्या टोपणाची ढिली स्प्रिंग त्यांच्या लक्षात आली नाही. टोपणानं अर्धा बार दाब धरला तर पाणी ११० अंशांच्या पुढे उकळतं. दाब धरलाच नाही तर शंभरला. कारखान्यात पाणी ही यंत्रणा असते आणि गाडीत ते नुसतं पाणी असतं, असं काहीतरी आपल्या डोक्यात बसलेलं असावं.

सकाळी १०:५०

बागनदीच्या अलीकडे चढ, पुढे भरलेला ट्रक, दुसरा गिअर. काटा पाऊण. अजूनही वाट होती: एसी बंद, गाडी कडेला, इंजिन मंद गतीवर काही मिनिटं, मग बंद करून तासभर सावली. काका थांबले, पण दहा मिनिटं. टोपण तापलेलं म्हणून उघडलं नाही, हे मात्र अगदी बरोबर केलं. तसं करताना तोंड भाजलेली माणसं प्रत्येक गॅरेजात भेटतात. मुहूर्त साडेबाराचा, म्हणून निघाले. बॉनेटखाली रस्त्यावर ओला डाग होता. एसीचं पाणी असेल, असं ठरलं.

सकाळी ११:२५

राज्याची हद्द ओलांडून देवरीच्या दिशेनं. आणि काटा खाली आला. पाऊणवरून अर्ध्यावर, मग त्याच्याही खाली. गाडीत सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. एसी पुन्हा लागला.

या एका क्षणासाठी मी हा सगळा घटनाक्रम जुळवत बसलो. काट्याला जोडलेला सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी टोपणातून वाफ होऊन निघून गेलं, सेन्सर उघडा पडला आणि तो आता रिकाम्या पोकळीतली हवा मोजू लागला. चढलेला काटा धोक्याचा, पण गरम गाडीत कारणाशिवाय पटकन उतरलेला काटा त्याहून वाईट.

सकाळी ११:३८

इंजिनात खडखड. ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ नाही.

सकाळी ११:४४

मागून पांढरा धूर, आणि इंजिन बंद. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. वरचं हेड पसरू पाहतं, खालचा ब्लॉक आणि बोल्ट त्याला पसरू देत नाहीत, मग ते मधोमध वाकतं आणि दोघांमधलं गॅस्केट फुटतं. एवढ्यावर भागलं असतं. पण शेजारच्या ढाब्यावरून कोणीतरी आपुलकीनं बादली आणली, टोपण फडक्यानं उघडलं आणि गार पाणी ओतलं. आतून टक्कन आवाज आला.

तिसऱ्या दिवशी, नागपूर

हेड उतरवून सपाट पट्टी ठेवली, तर मधल्या फटीतून फीलर गेजची जाड पात सहज आत गेली. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर. फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, भागणार नव्हतं, जुन्या बाजारात दुसरं हेड शोधावं लागलं. मग तिथल्या मिस्त्रीनं ब्लॉकचा तो बोल्ट गरम करून उघडला. थेंबही आला नाही. आत तार घालून ढोसलं, तेव्हा लाल चिखल पडला, आणि पडतच राहिला. रेडिएटर रॉड मारायला, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करायला, वेगळा पाठवला. दोन्ही होज, टोपण, थर्मोस्टॅट नवे. काका स्टूल ओढून तिथंच बसले आणि ब्लॉकमधून काचेसारखं पाणी दिसेपर्यंत त्यांनी कूलंटच्या डब्याचं सील तोडू दिलं नाही. मिस्त्री वैतागला, पण त्यानं सहाव्यांदा नळी लावली.