पात्रता आणि मलिक अंबर

‘पात्रता’ हा शब्द आज बहुधा प्रमाणपत्रापुरता उरला आहे. मलिक अंबरपाशी ते नव्हते. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, त्याने भूमिगत नहरीने पाणी आणले. जमिनीचा कस पाहून शेतसारा ठरवला. १६२४ मध्ये भातवडीला तलावाचा बांध फोडून त्याच पाण्याच्या जाणकाराने शत्रूची छावणी चिखलात अडकवली. रणांगणावरील कर्तबगारीचा निवाडा एका दिवसात होतो, महसुलातल्या कर्तबगारीचा काही हंगामांत, नहरीचा मात्र पिढ्यांनंतर. क्षेत्रागणिक कसोटी आणि परीक्षक दोन्ही बदलतात. वर्गात गुण देताना आपण यांतली कोणती कसोटी लावतो, हे तपासायला हवे.