करार संपल्यावरची बेडी

वकिलीच्या व्यवसायात आम्हांस नाना तऱ्हेचे करारनामे वाचावे लागतात. काही जाचक असतात, काही एकतर्फी असतात. परंतु मुदत संपल्यावरही माणसाला बांधून ठेवणारा आणि बांधून ठेवताना वेतन मात्र न देणारा करार विरळाच. असा करार इंग्लंडमधील धंदेवाईक फुटबॉलच्या जगात सुमारे सत्तर वर्षे राजरोस चालला. त्याची कथा केवळ क्रीडाप्रेमींनीच नव्हे, तर संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यास इंग्लंडमध्ये १८८५ साली अधिकृत मान्यता मिळाली. १८८८ साली बारा क्लबांनी मिळून फुटबॉल लीग स्थापन केली. १८९३ च्या सुमारास या लीगने खेळाडू 'राखून ठेवण्याची' पद्धत घालून दिली. खेळाडूचा करार बहुधा एका वर्षाचा असे व तो जूनअखेर संपे. त्यापूर्वीच क्लब आपली यादी जाहीर करी. ज्याचे नाव राखीव यादीत आले, त्याने नवा करार केला नाही तर जुलैपासून वेतन बंद. आणि क्लबने मोकळीक दिल्याखेरीज लीगमधील दुसऱ्या कोणत्याही क्लबातून खेळण्याची त्यास सोय नाही. १९०१ साली यावर आणखी एक गाठ बसली: आठवड्याला चार पौंडांहून अधिक वेतन कोणासही द्यावयाचे नाही.

या नियमांमागील हेतू सर्वस्वी वाईट होता असे म्हणता येणार नाही. मोठ्या शहरांतील श्रीमंत क्लब सगळे गुणी खेळाडू पळवतील आणि लहान गावांचे क्लब ओस पडतील, ही भीती खरी होती. परंतु क्लबांमधील समतोल राखण्याची सारी किंमत खेळाडूने एकट्याने मोजावी, हे न्यायाला धरून नव्हते. १९०७ साली मँचेस्टर येथे खेळाडूंची संघटना उभी राहिली. १९१२ मध्ये हर्बर्ट किंगबी या खेळाडूने अ‍ॅस्टन व्हिला क्लबाविरुद्ध दाद मागितली. तो हरला आणि खटल्याच्या खर्चाने संघटना डबघाईस आली. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक न्यायालयाचे दार ठोठावण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

ते धैर्य जॉर्ज ईस्टहॅम याने दाखविले. न्यूकॅसल युनायटेडचा हा कुशल खेळाडू. राहण्याचे घर व इतर बाबींवरून त्याचे क्लबाशी बिनसले. १९६० मध्ये करार संपताच त्याने बदली मागितली. क्लबाने ती नाकारून त्यास राखीव यादीत घातले. ईस्टहॅम खेळ सोडून दक्षिण इंग्लंडात एका स्नेह्याच्या धंद्यात बुचाचा माल विकू लागला. अखेर त्याच वर्षी ४७,५०० पौंड घेऊन न्यूकॅसलने त्यास आर्सेनलकडे जाऊ दिले. दुसरा कोणी येथेच समाधान मानता. ईस्टहॅमने खटला चालूच ठेवला, आणि संघटना त्याच्या पाठीशी राहिली. दरम्यान जानेवारी १९६१ मध्ये, जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी करताच, तोवर वीस पौंडांवर पोहोचलेली वेतनमर्यादा रद्द झाली. राहिली ती राखीव यादीची बेडी.

१९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला. राखून ठेवण्याची ही पद्धत म्हणजे व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन होय, असे त्यांनी ठरविले. समतोलाचा युक्तिवाद त्यांनी ऐकला, तोलला आणि अपुरा ठरविला. नुकसानभरपाई ईस्टहॅमला मिळाली नाही. मिळाली ती केवळ न्यायालयीन घोषणा. परंतु आमच्या मते निकालाचे मर्म निराळेच आहे. लीगचा ईस्टहॅमशी प्रत्यक्ष करार नव्हता. तरीही तिच्याविरुद्ध घोषणा देता येते, असे न्यायालयाने मानले. मालकांनी आपसात केलेला नियम ज्याच्या पोटावर येतो, त्याला दाद मागण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

बेडी तरी एका घावात तुटली नाही. करार संपल्यावर स्वतः होऊन क्लब बदलण्याचा हक्क इंग्लंडमधील खेळाडूंना १९७८ साली मिळाला, तोही बदलीच्या रकमेची अट ठेवून. ती अट युरोपीय समुदायातील देशांपुरती गेली १९९५ साली, बेल्जियमच्या झाँ-मार्क बोसमनच्या खटल्यात.

आपल्याकडील १८७२ च्या करार कायद्याचे २७ वे कलम या बाबतीत इंग्रजी कायद्याहूनही कडक आहे. कल्याणच्या एका कारखान्यातील नोकराच्या प्रकरणी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने जो भेद केला, तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे: नोकरीच्या मुदतीतील बंधन वेगळे, मुदतीनंतरचे वेगळे. मुदतीत निष्ठा मागणे हा संस्थेचा हक्क आहे. मुदतीनंतर माणूस अडकवून ठेवणे ही मालकी झाली.

क्लब असो, शाळा असो वा देवस्थान असो, कारभारी मंडळी पुष्कळदा संस्थेच्या हिताचे नाव घेऊन सेवेकऱ्याचा मार्ग अडवितात. आणि आपण अन्याय करतो आहोत असे त्यांना प्रामाणिकपणे वाटतही नाही. न्यूकॅसलच्या संचालकांनाही ते वाटले नसावे. संस्था टिकावी ही इच्छा योग्यच. पण जाण्याची वाट मोकळी असतानाही माणसे जिथे राहतात, तीच संस्था टिकली असे आम्ही समजतो.